थांबा आणि चव

प्रवासातील खाण्याचा इतिहास पदार्थांपासून नव्हे, तर थांब्यांपासून लिहावा, असे आमचे मत आहे. पदार्थ कुठल्याही स्वयंपाकघरात जन्मू शकतो. तो रस्त्यावर येतो ते कुणाला तरी थांबणे भाग पडते म्हणून. या दृष्टीने खालापूर तालुक्यातील चौक हे गाव पाहण्याजोगे आहे. कर्जतहून येणारी वाट इथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळते आणि गावावर इर्शाळगडाचा सुळका पहारा देत उभा असतो.

या मुलुखातील सर्व थांब्यांचा कर्ता एकच : बोरघाट. त्यातून चाकांची वाहने नेता येतील असा रस्ता १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला. १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी धावू लागली. मधला घाट मात्र उतारूंना पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढावा लागे. १८६३ साली घाटातील लोहमार्ग पुरा झाला, तरी चढ काही सरला नाही. सदतीस फुटांना एक फूट हा चढ एकट्या इंजिनाला पेलवत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबवून त्यांना जादा इंजिने जोडण्याची रीत पडली. त्या काही मिनिटांवर कर्जतचा बटाटावडा उभा राहिला. दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती सांगताना आपण बेसनाचे आणि लसणीच्या चटणीचे गुण गातो. घाटाच्या चढाला त्यातले श्रेय कुणी देत नाही.

वडा तरी कुठे एका गावचा? बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आलेली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे रुजलेले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असे सांगितले जाते. ताटवाटीवाचून, उभ्याउभ्या, एका हाताने खाता येणारे हे अन्न घाईच्या माणसासाठीच होते. चौकासारख्या गावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर तेच चालले. घाटापूर्वी इंजिनाला पाणी आणि माणसाला चहा-वडा, असा तो साधा हिशेब होता.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि हिशेब बदलला. या मार्गावर वाटेल तिथे थांबता येत नाही. जिथे थांबायचे ती जागा आधीच आखलेली, वाहनतळासह बांधलेली आणि भाड्याने दिलेली. वडा तिथेही मिळतो. परंतु तिथे टोपली घेऊन बसता येत नाही. आम्हाला हा भेद चवीच्या भेदाहून मोठा वाटतो.

कारण या रस्त्याच्या कडेला वड्याहूनही जुने एक खाणे आहे. वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बायका करवंदे, जांभळे घेऊन उतरतात आणि पानांच्या द्रोणातून ती विकतात. त्या खाण्याला ना दुकान, ना पाटी, ना कीर्ती. वड्याचा इतिहास लिहिला जातो, कारण त्याच्यामागे दुकानाचे नाव उभे असते. करवंदांचा कोण लिहिणार?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. एरवी ज्या डोंगराकडे गाडीतून केवळ देखावा म्हणून पाहिले जाई, तिथे माणसे राहत होती, हे अनेकांना त्या दिवशी प्रथमच उमगले. त्यांच्यासारख्याच वाड्यांतील बायका वर्षानुवर्षे रस्त्याकडेला बसत आल्या होत्या. त्यांना पाहण्यासाठी दरड कोसळण्याची गरज नव्हती. एका द्रोणापुरते थांबणे पुरेसे होते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की रस्त्यावरचे खाणे म्हणजे केवळ जिभेचे कौतुक नव्हे. वाटसरू आणि वाटेवर राहणारा यांची जी थोडीफार ओळख होते, ती त्या चार मिनिटांत होते. रस्ता वेगवान झाला की प्रथम वाचतात ती हीच मिनिटे.