कीटक, भृंगी आणि अंगणातले फुलपाखरू

एम. ए.च्या वर्गात संतसाहित्य शिकवताना 'कीटक-भृंगी न्याय' कधी ना कधी येतोच. भृंगी अळीला धरून आणते आणि मातीच्या घरट्यात कोंडते. अळी भयाने तिचेच चिंतन करीत राहते आणि त्या अखंड चिंतनामुळे अखेरीस भृंगी होऊनच बाहेर पडते. तसाच जीव शिवाचे ध्यान करता करता शिवरूप होतो. हे आम्ही दोघे सहकारी वर्षानुवर्षे, जवळजवळ त्याच शब्दांत, सांगत आलो. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण अळीचं तर फुलपाखरू होतं ना? मग भृंगी कशी होते?" वर्ग हसला. 'दृष्टान्त एकदेशी असतो' एवढे सांगून आम्ही पुढच्या ओवीकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते. पण ती पळवाट होती. प्रश्न वस्तुस्थितीचा होता आणि आम्ही उत्तर अलंकारशास्त्राचे दिले होते.

त्या पळवाटेची टोचणी हे या लेखाचे मूळ. उत्तर शोधताना आम्हांला दोन ठिकाणी जावे लागले. एक म्हणजे पोथ्या आणि दुसरे म्हणजे घराचे अंगण.

अंगणाचे आधी सांगतो. छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या घराभोवती मोकळी जागा अशी फारशी नाही. कुंपणालगत एक लिंबाचे झाड, कढीपत्त्याची दोन रोपे, कुंड्यांतून पानफुटी आणि मागच्या रिकाम्या प्लॉटवर आपोआप वाढलेली रुई. लिंबाची कोवळी पाने कुरतडलेली दिसली की पूर्वी आम्ही औषध फवारीत असू. त्या पावसाळ्यात फवारणी थांबवली आणि पाहत बसलो. लिंबावरच्या फुलपाखराचे अंडे मोहरीहूनही लहान, पिवळसर आणि गोल असते. त्यातून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते आणि तिला डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. रुईवरची अळी मात्र लपत नाही. काळे, पिवळे, पांढरे पट्टे मिरवीत ती उघड्यावर चरते. कारण रुईच्या चिकातले विष तिच्या अंगात उतरते आणि तिला खाऊन पस्तावलेला पक्षी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. पानफुटीच्या मांसल पानाच्या आत शिरून ते पोखरीत जाणारी अळी आणखी वेगळी. प्रत्येकीचे झाड ठरलेले. लिंबावरची अळी रुईवर ठेवली तर ती उपाशी मरेल, पण रुई खाणार नाही.

काही अळ्या आम्ही जाळीच्या झाकणाच्या बरण्यांत पानांसह ठेवल्या आणि वहीत तारखा लिहू लागलो. पहिले फुलपाखरू कोष फोडून बाहेर आले, ओले पंख पसरून वाळवीत बसले आणि तासा-दोन तासांनी उडून गेले. त्या दिवशी घरातली लहान मुले आणि आम्ही यांत फारसा फरक उरला नव्हता. पण खरी शिकवण दुसऱ्या एका कोषाने दिली. तो दिवसेंदिवस काळपट होत गेला आणि एका सकाळी त्याला सुईच्या टोकाएवढे भोक दिसले. बरणीत बारीक चकाकत्या माश्या फिरत होत्या, तिळाएवढ्या आणि डझनावारी. अळी आम्हीच ठेवली होती, झाकण आम्हीच लावले होते, तारीख आमच्याच हाताने लिहिलेली होती. आणि बाहेर आले ते फुलपाखरू नव्हते. त्या क्षणी आम्हांला वर्गातला न्याय आठवला. अळी आत गेली, माशी बाहेर आली. हे कोणी रचलेले कथानक नव्हते, ते आमच्या डोळ्यांसमोर घडले होते.

आता पोथ्यांकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदूला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्यांत पृथ्वी, वायू, आकाश आहेत, अजगर आणि हत्ती आहेत, पिंगला वेश्या आहे आणि कीटकही आहेत: दिव्यावर झेपावणारा पतंग, मध गोळा करणारी माशी, जाळे विणून स्वतःच गिळणारा कोळी आणि शेवटचा 'पेशस्कृत', म्हणजेच आपली भृंगी. या स्कंधावर ज्या मराठी ग्रंथाने कळस चढवला तो 'एकनाथी भागवत' आमच्याच जिल्ह्यातला. नाथांनी त्याचा आरंभ पैठणला केला आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 साली, तो वाराणसीत पूर्ण झाला. त्याच्या नवव्या अध्यायात हा न्याय येतो. पैठण आमच्या घरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. नाथांच्या अंगणातही लिंब, रुई आणि कुंभारीण असणार, असे मानायला हरकत नाही.

चोवीस गुरूंच्या यादीत फुलपाखरू मात्र नाही. आपल्या जुन्या काव्यात भ्रमर उदंड आहे, पतंग आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायातले पतंग तर विश्वरूपाच्या मुखात शिरतात. पण अळीचे फुलपाखरू होणे, या रूपकाला कोणीही मोहात पडावे अशा घटनेला, जणू कोणी हातच लावला नाही. ग्रीकांनी आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द दिला; ॲरिस्टॉटल फुलपाखराला 'सायकी'च म्हणतो. मग आपल्याकडेच असे का?

आमचे उत्तर अनुमानाचे आहे आणि ते अनुमान म्हणूनच मांडतो. आपल्या परंपरेत कोषाची प्रतिमा आहे, पण ती बंधनाची. 'कोशकार' कीटक स्वतःच्याच लाळेच्या धाग्यांत स्वतःला गुंडाळून घेतो, तसा जीव कर्माने स्वतःला बांधून घेतो, असे भागवतच अन्यत्र सांगते. हा कोशकार म्हणजे रेशमाचा किडा. रेशीम काढणारा माणूस कोष उकळत्या पाण्यात टाकतो, आतला जीव बाहेर पडण्याआधीच. कारण पाखरू कोष फोडून बाहेर आले तर धागा तुटतो. ज्या कोषाशी माणसाचा व्यवहार होता, त्यातून कोणी बाहेर येताना त्याने क्वचितच पाहिले. कोसा, कोश, कोसला हे शब्द त्या व्यवहारातून आले. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या कादंबरीचे शीर्षकही याच घराण्यातले आहे आणि तिथेही कोष वेढणाराच आहे. उलट फुलपाखराच्या कोषातून धागा मिळत नाही. तो पानाखाली मुकाट्याने टांगलेला असतो. उपयोग नाही म्हणून लक्ष नाही, लक्ष नाही म्हणून स्वतंत्र शब्द नाही. पैठणी विणणाऱ्या गावाच्या परिसरातही या दुसऱ्या कोषाला वेगळे नाव मिळू नये, यात नवल नाही.

भृंगीचे तसे नव्हते. ती माणसाच्या घरातच घर बांधते. आपण तिला कुंभारीण म्हणतो. खिडकीच्या चौकटीत, तुळईवर, पुस्तकांच्या कपाटामागे ती चिखलाची मडकी घडवते. ती अळी धरून आणते हे दिसते, तोंड लिंपून टाकते हे दिसते, काही दिवसांनी मातीला भोक पाडून कुंभारीण बाहेर पडते हेही दिसते. दिसत नाही ते फक्त मधले. आम्ही असे एक मडके फोडून पाहिले. आत हिरव्या अळ्या दाटीने रचलेल्या होत्या, मेलेल्या नव्हेत, पण हलतही नव्हत्या. आणि त्यांच्यात कुंभारणीचे पिल्लू त्यांना खात होते. ती अळीला नांगी मारून लुळी करते, म्हणजे शिदोरी ताजी राहते. अळीचे रूपांतर होत नाही, अळीचा आहार होतो.

हे वाचून 'आमचे पूर्वज अज्ञानी होते' असा शेरा मारण्याचा मोह होऊ नये, म्हणून युरोपातील एक प्रसंग सांगतो. नाथांनंतर सुमारे पाऊण शतकाने हॉलंडमधील मिडलबर्ग गावी यान खुडार्ट नावाचा चित्रकार राहत होता. त्याने वर्षानुवर्षे अळ्या पाळल्या, काय खातात ते पाहिले, तारखा लिहिल्या, चित्रे काढली आणि 1660 पासून ती पुस्तकरूपाने छापली. त्यालाही एकाच जातीच्या अळ्यांपैकी कुणातून फुलपाखरू आणि कुणातून माश्या निघालेल्या दिसल्या. एकाच प्राण्यापासून दोन प्रकारची संतती होऊ शकते, असेच त्याला वाटले. म्हणजे चूक पैठण-काशीची तशी मिडलबर्गचीही. बंद दाराआड जे घडते ते कल्पनेने भरून काढणे हा माणसाचा स्वभाव आहे.

फरक पडला तो पुढे. खुडार्टने आपली नोंद तारखेसह मांडली, त्यामुळे ती तपासता आली. फ्रँकफुर्टमध्ये 1647 साली जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियानने तेराव्या वर्षी रेशमाच्या किड्यांपासून सुरुवात केली. 1679 साली आलेल्या तिच्या पुस्तकात अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू हे सारे अळीच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात आहेत. परजीवी माश्याही तिने वगळल्या नाहीत. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या माश्यांची अंडी अळीच्या अंगात बाहेरून घातली गेलेली असतात. आमच्या बरणीतले कोडे असे तीनशे वर्षांपूर्वीच सुटलेले होते. आम्हांलाच त्याची वार्ता नव्हती.

आणि आपल्याकडे? येथेही अळ्या पाळून नोंदी ठेवणारे झाले, पण त्यांची भाषा वेगळी होती. मुंबईत 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, 'ईहा' या सहीने लिहिणारे, साताऱ्यात जन्मलेले, मीठ आणि जकात खात्यातले अधिकारी होते. बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मुंग्या, पाली, बेडूक यांच्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही हसवते. कारवारात त्यांना जिल्हाधिकारी डेव्हिडसन आणि वनखात्यातले टी. आर. बेल भेटले आणि तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांच्या अळ्या पाळण्याचा सपाटा लावला. त्यांचे लेख सोसायटीच्या नियतकालिकात 1890 च्या दशकात आले. मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवरची बेल यांची लेखमाला 1909 साली सुरू झाली आणि कित्येक वर्षे चालली. बेल निवृत्तीनंतरही कारवारातच राहिले आणि 1948 साली तिथेच वारले. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मराठवाडा निझामाच्या राज्यात. इलाख्याच्या फुलपाखरांच्या याद्या तयार होत होत्या त्या काळात आमचे अंगण त्या याद्यांच्या सीमेबाहेर होते.

या सगळ्या नोंदी इंग्रजीत राहिल्या. मराठीत फुलपाखरू आले ते शालेय कवितेतून. सुंदर, चंचल आणि बिननावाचे. झाडांना आपल्याकडे प्रत्येकी नाव, पक्ष्यांनाही बहुतेकांना, पण फुलपाखरे सारी एकच. 'पाकोळी' हा शब्द आहे, तर तोच एका पक्ष्याचेही नाव आहे. महाराष्ट्र शासनाने 2015 साली 'ब्लू मॉर्मन'ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. तेव्हा त्याला मराठीत काय म्हणायचे हा प्रश्न उभा राहिला. 'राणी पाकोळी' हे नाव पुढे आले, नंतर 'नीलवंत'ही रूढ होऊ लागले. राज्यातील इतर फुलपाखरांनाही मराठी नावे देण्याचे काम त्यानंतर झाले. ज्या भाषेने ज्ञानेश्वरी लिहिली तिला अंगणातल्या पाखराला नाव देण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनी तरी मनाला लावून घ्यायला हवी.

मग न्याय शिकवायचा की नाही? आम्ही तो आजही शिकवतो. नाथांना कीटकशास्त्र सांगायचे नव्हते. ज्याचे चिंतन करावे तसे मन होते, हे सांगायचे होते आणि ते सांगणे मातीच्या मडक्यावर अवलंबून नाही. पण आता आम्ही दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवतो. दृष्टान्तातली दोन्ही टोके, आत जाणारी अळी आणि बाहेर येणारी भृंगी, खऱ्या निरीक्षणातून आली आहेत हे सांगतो. आणि मधला भाग भक्तीने भरला आहे, हेही. असे सांगितल्याने नाथ लहान होत नाहीत. उलट आपल्या तुळईवरच्या कुंभारणीकडे इतक्या निगुतीने पाहणाऱ्या परंपरेबद्दल आदर वाढतो, आणि मडके फोडून पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याकडेच राहतो.

ती विद्यार्थिनी तेव्हाच उत्तीर्ण होऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे राहून गेले, ते आता दरवर्षी नव्या वर्गाला देतो. अळ्या बरणीत ठेवणे आम्ही सोडले आहे. माश्यांपासून वाचवण्यासाठी जाळी लावणेही सोडले. लिंबाच्या झाडावर फुलपाखराइतकाच हक्क त्यांचाही आहे. वही मात्र चालू आहे. यंदा जुलैत रुईवर पहिली अळी दिसली, तिची तारीख लिहून ठेवली आहे.