दारं नसलेली नॅनो

ज्यांना ऐकायला वेळ नाही, जे कंपनीच्या बसमध्ये हेडफोन विसरून चढलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा ना' आलं होतं ते थोडं कमी केलंय. सगळं नाही.

सुरुवात गेमपासून करू. 'सॉनिक २' तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर खेळला असेल. मूळ गेम १९९२ चा. त्याचं एक अर्धवट, रिलीजआधीचं व्हर्जन नंतर इंटरनेटवर सापडलं आणि त्यात 'हिडन पॅलेस' नावाची एक लेव्हल होती, जी दुकानात आलेल्या गेममध्ये नव्हतीच. कापून टाकलेली. चाहते वर्षानुवर्षं त्या लेव्हलबद्दल बोलत राहिले आणि २०१३ मध्ये मोबाइल व्हर्जन आलं तेव्हा ती परत घालण्यात आली. एकवीस वर्षांनी!

मला या प्रकाराचं वेड आहे. तयार वस्तू सगळेच बघतात. पण आधीचा कच्चा नमुना शेजारी ठेवला की कळतं, कोणी काय मागितलं, कोण कुठे अडून बसलं, पैसे कुठे संपले. आणि आपण पिंपरी-चिंचवडकर असल्यामुळे आपल्याकडे या प्रकारची एक जबरदस्त गोष्ट आहे. गेमची नाही, गाडीची. टाटा नॅनोची.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. नॅनो पिंपरीत तयार व्हायची नाही. कारखाना आधी पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला होणार होता, तिथून गुजरातेत साणंदला गेला. पण गाडीचं डोकं इथलं. कंपनीचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर, सगळे नुसतं 'ईआरसी' म्हणतात, ते पिंपरीत आहे, १९६६ पासून. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं. ते नाव २००३ मध्ये बदललं, पण टेल्को रोड अजून टेल्को रोडच आहे आणि आमच्या गल्लीतले रिटायर्ड काका अजूनही 'मी टेल्कोत होतो' असंच सांगतात.

तर २००३. रतन टाटा जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये होते. एका ब्रिटिश वर्तमानपत्राशी बोलताना विषय निघाला स्वस्त गाडीचा आणि साधारण एक लाख रुपयांचा आकडा बोलण्यात आला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: टाटा एक लाखाची गाडी करणार. टाटांनी नंतर स्वतःच सांगितलंय की पहिल्यांदा त्यांना खुलासा काढावासा वाटला होता. मग वाटलं, असू दे, हेच लक्ष्य धरू. म्हणजे बघा, गाडीचा एक नटसुद्धा ठरलेला नाही आणि किंमत ठरली. पुढचं सगळं त्या आकड्याने ठरवलं. हे लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मुळात डोक्यात गाडी नव्हतीच. स्कूटर होती. पुढे उभं पोरगं, मग चालवणारे बाबा, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटं. हे दृश्य आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे बजाज सुपर होती आणि हँडल धरून पुढे उभा राहणारा तो पोरगा मीच होतो. पावसात समोरून येणारे थेंब डोळ्यांवर सुईसारखे लागायचे. टाटांचं शिक्षण आर्किटेक्चरचं, त्यामुळे मीटिंगमध्ये कागदावर काहीबाही रेखाटायची सवय. त्यांनी सांगितलंय की आधी ते दुचाकीच कशी सुरक्षित करता येईल याची चित्रं काढत होते. त्या चित्रांना हळूहळू चार चाकं आली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, एखाद्या डून बगीसारखं काहीतरी.

आणि गंमत म्हणजे पिंपरीत अगदी सुरुवातीला उभं राहिलं ते जवळपास तसंच. प्रकल्पाचे प्रमुख होते गिरीश वाघ. त्याआधी ते टाटा एसच्या कामात होते. हो, तोच छोटा हत्ती, जो आज चाकणच्या कुठल्याही गोदामाबाहेर दिसतो. नॅनोच्या सुरुवातीच्या एका नमुन्याला दारांच्या जागी आडवे बार होते आणि पाऊस आत येऊ नये म्हणून प्लास्टिकचे पडदे. रिक्षाला असतात ना, तसे. इंजिन साधारण २० हॉर्सपॉवरचं. इंजिन मोठं करून ताकद जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढवली, तरी चालवायला गाडी रडकीच. कारपेक्षा ती चार चाकांच्या रिक्षाच्या जास्त जवळ होती.

इथे क्षणभर थांबू या, कारण हा माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा निर्णय आहे. तो नमुना पुढे नेता आला असता. स्वस्त झाला असता, पडदेवाली गाडी एक लाखाच्याही खाली बसली असती कदाचित. स्कूटरवरच्या कुटुंबाला पावसापासून आडोसा मिळाला असता. पण ठरलं की नाही, ही 'कार'च हवी. दारं असलेली, काचा वर-खाली होणारी, पत्र्याची. चार चाकांवरचा आडोसा एक गोष्ट, आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनने उठून उभं राहावं अशी गाडी वेगळी गोष्ट. हे मी म्हणतोय, त्यांनी असं म्हटलेलं नाही. पण चार दारं लागली ती त्यासाठीच, असं मला वाटतं.

एकदा कार ठरली की हिशोब बिघडतो. दारं आली, वजन आलं. वजन आलं की इंजिन मोठं लागतं. इंजिन पायरीपायरीने वाढत शेवटी ६२४ सीसीवर थांबलं: दोन सिलिंडर, सगळं ॲल्युमिनियमचं, ३३ बीएचपी, आणि बसवलं मागच्या सीटखाली. शिवाय बॉडीचं डिझाइन जवळपास पक्कं झाल्यावर टाटांना वाटलं की गाडीचं नाक आखूड दिसतंय. मग ते १०० मिलिमीटरने लांबवलं. शंभर मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पण ज्याने प्रेस शॉपमध्ये डाय बनवल्यात त्याला विचारा, शेवटच्या टप्प्यात वीतभर म्हणजे काय.

आणि मग काटछाट. ही यादी मला तोंडपाठ आहे. वायपर एकच. बाहेरचा आरसा एकच, ड्रायव्हरच्या बाजूचा. चाकाला चारऐवजी तीन नट. स्पीडोमीटर मधोमध, म्हणजे डाव्या स्टिअरिंगची गाडी करायची वेळ आली तरी डॅशबोर्ड तोच चालेल. पेट्रोलचं झाकण बाहेर नाहीच, पुढचं बॉनेट उघडायचं आणि आत भरायचं, तिथेच स्टेपनी. टाकी १५ लिटरची. पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद. कारण सोपं आहे, इंजिनाचा भार मागे.

पण मागे डिकी उघडायची नाही. दिसायला हॅचबॅक, मागचं दार मात्र बंद! सामान ठेवायचं तर आतून मागची सीट पाडा. दार उघडणारं केलं की बिजागरी आल्या, कुलूप आलं, रबर आलं, शिवाय मोठं भोक पाडल्यावर बॉडी तेवढीच मजबूत ठेवायला जास्तीचं लोखंड आलं. म्हणून ते गेलं. कागदावर हुशारी आहे. पण जो माणूस लग्नाला गावी जाताना दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं घेऊन निघतो, त्याच्यासाठी हीच ती कापलेली लेव्हल.

१० जानेवारी २००८, दिल्ली, प्रगती मैदानातला ऑटो एक्स्पो. गाडी स्टेजवर आली. टाटांनी किंमत सांगितली, एक लाखच, कर आणि वाहतूक सोडून. दरम्यान पाच वर्षांत पोलाद महागलेलं, टायर महागलेले. तरी दिलेला शब्द तो शब्द, असं म्हणत आकडा पाळला. त्या वेळी मारुती ८०० साधारण दोन लाखांना होती.

मधला सिंगूरचा भाग मोठा आहे, त्यावर वेगळा एपिसोड होईल. थोडक्यात: जमिनीचं आंदोलन पेटलं, ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी तिथून काढता पाय घेतला. मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडी विक्रीसाठी जाहीर झाली, एप्रिलमध्ये बुकिंग, दोन लाखांवर अर्ज. पण कारखाना कुठाय? पहिल्या गाड्या उत्तराखंडातल्या पंतनगरच्या प्लांटमधून काढाव्या लागल्या. साणंद सुरू झालं जून २०१० मध्ये, वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अख्ख्या देशात नॅनो विकल्या गेल्या ५०९.

पाचशे नऊ.

कारणं बरीच सांगितली जातात. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, कंपनीने जादा सुरक्षेचे भाग फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. स्कूटरवाल्याला कर्ज सहज मिळेना, हेही होतं. पण टाटांनी स्वतः नंतर कबूल केलं की 'सगळ्यात स्वस्त गाडी' म्हणून ती लोकांसमोर गेली, तिथे चुकलं. आता जिनिव्हाचा तो मथळा आठवा. नमुन्यापासून तयार गाडीपर्यंत दारं बदलली, इंजिन बदललं, नाक बदललं, राज्यसुद्धा बदललं. पहिल्या दिवशी चिकटलेला आकडा तेवढा बदलला नाही. 'कार' दिसावी म्हणून पडदे काढले, आणि लोकांनी तिला नाव ठेवलं 'लाखाची गाडी'.

सुरक्षेचंही बोलायला हवं, कारण सुरुवात त्यातूनच झाली होती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटून बघितल्या. नॅनोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. बाकीच्या चौघींनाही शून्यच, त्यामुळे एकट्या नॅनोला झोडपू नका. स्कूटरवर चौघं बसण्यापेक्षा ती बरी होती का? होती. पण तुलना स्कूटरशी करायची की कारशी, हा गोंधळ तिच्या जन्मापासूनचा.

आता जरा आकुर्डीला चला. टेल्कोपासून फार तर काही किलोमीटर, जुना मुंबई-पुणे हायवे, बजाज. त्यांनीही २००८ च्या त्याच एक्स्पोत स्वतःची छोटी कार दाखवली होती. ती बाजारात आलीच नाही. पण २०१२ मध्ये त्यांनी आरई६० आणली आणि स्पष्ट म्हणाले, ही कार नाहीच. हे चार चाकांचं, रिक्षाच्या घराण्यातलं वाहन. म्हणजे पिंपरीने जो कच्चा नमुना बाजूला सारला, त्याच विचाराचं काहीतरी आकुर्डीने दारं लावून पुढे आणलं! मग अडचण अशी की कायद्यात असा प्रकारच नव्हता. 'क्वाड्रिसायकल' नावाचा वर्ग तयार होणं, कोर्टकचेऱ्या, नियम, यात वर्षं गेली. नाव क्यूट ठेवून गाडी आधी परदेशात विकली गेली आणि महाराष्ट्रात यायला २०१९ उजाडलं, किंमत अडीच लाखांच्या आसपास. तोपर्यंत नॅनो संपली होती.

संपली, पण त्याआधी अपडेट येत राहिले. २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंग आलं. २०१५ च्या जेनएक्समध्ये गिअर न बदलता चालणारी ऑटोमॅटिक आली, टाकी २४ लिटरची झाली. आणि हो, मागचं दार उघडायला लागलं. हिडन पॅलेस परत आला, फक्त खेळणारे निघून गेले होते. जून २०१८ मध्ये साणंदला महिन्याभरात एक नॅनो तयार झाली. एकच.

मागच्या महिन्यात चाकणला मावसभावासोबत जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. त्याला बायको आणि दोन पोरांसाठी काहीतरी स्वस्तातलं हवं होतं. रांगेत शेवटी एक पिवळी नॅनो उभी होती, मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. भावाने किंमत विचारली नाही, किलोमीटर विचारले नाहीत. सरळ मागे गेला, वाकून हात लावला आणि दुकानदाराला म्हणाला, "दादा, ही डिकी उघडणारी आहे का आधीची?"

आधीची होती.