त्रुटीसुधारक मेमरी असलेला घरगुती सर्व्हर

त्रुटीसुधारक मेमरी असलेला घरगुती सर्व्हर म्हणजे सामान्य डेस्कटॉप संगणकाचे सुटे भाग वापरून घरी जुळवलेला आणि ईसीसी प्रकारची मेमरी बसवलेला सर्व्हर होय. छायाचित्रे, कागदपत्रे व बॅकअप दीर्घकाळ साठवण्यासाठी असे संगणक अहोरात्र चालू ठेवले जातात.

पार्श्वभूमी

मेमरीतील प्रत्येक बिट सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवला जातो. वैश्विक किरणांमुळे निर्माण होणारे न्यूट्रॉन, चिपच्या आवरणातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण किंवा सदोष चिप यांमुळे ० चा १ अथवा १ चा ० होऊ शकतो. बेल्जियममधील स्खारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावे ४,०९६ मते जास्त नोंदली गेली. ही संख्या २ चा १२ वा घात असल्याने एक बिट उलटणे हेच त्याचे संभाव्य कारण मानले गेले. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मोड्यूलांमध्ये त्रुटी आढळल्या.

कार्यपद्धती

बेल लॅब्समधील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेली संकेतपद्धती या तंत्राचा पाया आहे. प्रचलित रचनेत माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांसोबत ८ तपासणी बिट साठवले जातात. त्यांच्या साहाय्याने एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक ओळखता येते. मात्र ती दुरुस्त करता येत नाही.

सुट्या भागांची निवड

ईसीसीसाठी प्रोसेसर, मदरबोर्ड, बायॉस आणि मेमरी या चारही घटकांचा पाठिंबा आवश्यक असतो. एएमडीच्या रायझन मालिकेतील अनेक प्रोसेसर ईसीसी हाताळू शकतात. परंतु एएम४ सॉकेटसाठीच्या अंतर्भूत ग्राफिक्सयुक्त प्रोसेसरांपैकी ही सुविधा 'प्रो' आवृत्त्यांतच आहे. इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये ही सुविधा दीर्घकाळ मर्यादित ठेवली होती. बाराव्या पिढीपासून अनेक कोअर प्रोसेसरांत ती डब्ल्यू६८० चिपसेटच्या मदरबोर्डावर वापरता येते. मोठ्या सर्व्हरांमधील 'रजिस्टर्ड' मेमरी जुन्या बाजारात अनेकदा स्वस्त मिळते, पण ती सामान्य डेस्कटॉप मदरबोर्डावर चालत नाही. तेथे 'अनबफर्ड' ईसीसी मेमरीच लागते.

डीडीआर५ मेमरीच्या चिपमध्ये अंतर्गत त्रुटीसुधारणा असते. ती केवळ चिपच्या आतील चुकांपुरती असून चिप व प्रोसेसर यांमधील प्रवासात झालेल्या चुका तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे ती पूर्ण ईसीसीला पर्याय ठरत नाही.

पडताळणी

ईसीसी मेमरी बसवून संगणक सुरू झाला, म्हणजे त्रुटीसुधारणा कार्यरत झाली असे नाही. काही मदरबोर्ड अशी मेमरी स्वीकारतात, परंतु तपासणी बिट वापरत नाहीत. लिनक्समध्ये 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा डीडीआर४ ईसीसी मेमरीची एकूण रुंदी ७२ आणि माहितीची रुंदी ६४ बिट दाखवते. या आकड्यांवरून मेमरीचा प्रकार कळतो. प्रत्यक्ष कार्याचा अधिक विश्वसनीय पुरावा म्हणजे 'ईडॅक' या कर्नेल घटकाकडील दुरुस्त व अदुरुस्त त्रुटींच्या नोंदी. त्या नियमित पाहिल्यास बिघडू लागलेले मोड्यूल वेळीच बदलता येते.

महत्त्व व मर्यादा

झेडएफएससारखी फाइल प्रणाली डिस्कवरील माहितीची बेरीज-तपासणी करते. तथापि, ही बेरीज काढण्यापूर्वीच मेमरीत माहिती बिघडली, तर बिघडलेली माहिती योग्य समजून साठवली जाते आणि पुढे बॅकअपमध्येही तशीच उतरते. ईसीसीमुळे ही शक्यता बरीच घटते. झेडएफएससाठी ईसीसी अनिवार्य नाही. मेमरीतील बिघाडाचा धोका इतर फाइल प्रणालींनाही असतो. डिस्क निकामी होणे, चुकून फाइल पुसली जाणे, चोरी किंवा आग यांपासून ईसीसी संरक्षण देत नाही. त्यासाठी स्वतंत्र ठिकाणी ठेवलेला बॅकअप आवश्यक असतो.