कविता, खटला आणि साधन

वसाहतकाळाच्या इतिहासासाठी विश्वसनीय साधने कोणती, असा प्रश्न साहित्याचे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून अस्सल कागद हा आपल्याकडे प्रमाण मानला गेला आहे. पण कागद अस्सल असला म्हणून त्यातले प्रत्येक विधान खरे ठरते काय? नाशिकचे एक उदाहरण घेऊ.

‘लघु अभिनव भारत माला’ ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल ९ जून १९०९ रोजी गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या कविता कवी गोविंद यांच्या, असे मराठी परंपरा मानते. त्याच नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी निकाल दिला की, देवांची आणि शिवाजीची नावे हे केवळ निमित्त आहे. खरा रोख चालू सरकारवर आहे. पुढे १९१८ साली रौलट समितीने हाच अभिप्राय आपल्या अहवालात उद्धृत केला.

मराठी कविता, तिचे न्यायाधीशाने केलेले वाचन, इंग्रजी निकालपत्र, समितीचा अहवाल आणि शेवटी आपले संदर्भग्रंथ, अशी ही साखळी आहे. प्रत्येक पायरीवर कविता दूर जाते आणि मजकूर मात्र अधिक अधिकृत दिसू लागतो. शिवाय निकाल आणि अहवाल यांच्यामध्ये २१ डिसेंबर १९०९ची तारीख येते. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन मारले गेले. अपिलाच्या न्यायाधीशांपुढे ही घटना नव्हती, समितीपुढे होती. त्या घटनेला ‘खून’ म्हणणारा आणि ‘वध’ म्हणणारा, दोघेही आपापली बाजू एका शब्दात सांगून जातात.

मग निकालपत्र टाकून द्यावे काय? आमच्या मते, नाही. अडचण अशी की, वाङ्मयीन दृष्ट्या ते वाचन चुकीचे वाटत नाही. पुराणाच्या आडून वर्तमान बोलण्याची रीत आपण वर्गात शिकवतो, तीच न्यायाधीशाने ओळखली. रसिकाला जे मर्म सापडले असते, तेच त्याने आरोप म्हणून मांडले. सरकारला कशाची भीती वाटत होती, याविषयी ते निकालपत्र उत्तम साक्षीदार आहे. वाचकांच्या मनावर कवितेचा परिणाम काय झाला, याविषयी नाही.

मुंबई सरकारने १९५७-५८ साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचे खंड छापले. त्यांचा मोठा आधार ब्रिटिश काळातील सरकारी दप्तरेच होती. म्हणून एखादे विधान अहवालात आणि या खंडांतही आढळले, तरी साक्षीदार दोन झाले असे समजू नये. दोघांनी एकच दप्तर चाळले असेल. साधन विश्वसनीय आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या गोष्टीविषयी विश्वसनीय आहे, हे विचारावे लागते. आणि कविता उपलब्ध असेल, तर निकालपत्राआधी ती वाचावी.