मांजराचा आजार, माणसाचे औषध

घराबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या दहा-बारा वर्षांच्या मांजराचे पोट अचानक फुगायला लागते. बाकीचे शरीर वाळत जाते, पाठीचे मणके हाताला लागतात, आणि अंगातला ताप अँटिबायोटिक देऊनही उतरत नाही. या वयाच्या मांजरात डॉक्टर आधी हृदय, यकृत किंवा कॅन्सर शोधतात आणि बहुतेक वेळा त्यातलेच काहीतरी निघते. काहींच्या बाबतीत मात्र खरा आजार वेगळाच असतो: फिलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, थोडक्यात एफआयपी. पुस्तकांत तो पिल्लांचा आजार म्हणून लिहिलेला असतो, कारण बहुतेक रोगी दोन वर्षांच्या आतले असतात. त्यामुळे म्हाताऱ्या मांजरात त्याची शंकाच उशिरा येते.

या आजाराची पहिली ठळक नोंद अमेरिकेतली. बोस्टनच्या एंजेल मेमोरियल अ‍ॅनिमल हॉस्पिटलमधल्या डॉ. जीन होल्झवर्थ या बाईंनी १९६३ साली पोटात पाणी साचून दगावणाऱ्या मांजरांबद्दल लिहिले. तीन वर्षांनी, १९६६मध्ये, वुल्फ आणि ग्रीसेमर या संशोधकांनी त्याला आजचे नाव दिले. भाषेच्या मास्तराला हे नाव खटकते. तीन शब्दांपैकी दोन दिशाभूल करतात. ‘पेरिटोनायटिस’ म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याची सूज. पण याचा एक कोरडा प्रकार आहे, त्यात पोट फुगत नाही, डोळे नाहीतर मेंदू पकडला जातो. आणि ‘इन्फेक्शस’ म्हणावे, तर हा आजार सहसा एका मांजराकडून दुसऱ्याला थेट लागत नाही.

लागतो तो त्यामागचा विषाणू. तो कोरोना कुळातला आहे, हे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. माणसाला त्याची बाधा होत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण २०२०मध्ये नुसत्या नावाने लोक घाबरले होते. हा विषाणू मांजराच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेतून पसरतो. चार-पाच मांजरांची मातीची पेटी एकच असेल, तर तो सगळ्यांना मिळतो. बहुतेकांना थोडे जुलाब होतात किंवा तेही होत नाहीत. शंभरातल्या पाच-दहा मांजरांत मात्र तोच विषाणू शरीराच्या आत बदलतो आणि आतडे सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. मग रक्तवाहिन्या सुजतात आणि त्यांतून पिवळसर, चिकट पाणी पोटात किंवा छातीत पाझरू लागते. आपल्या घरांत मांजर जानमाजवर येऊन बसले तरी कोणी हाकलत नाही, आणि घरातच असते म्हणजे सुरक्षित आहे असे आपण धरून चालतो. या आजारापुरता तो भरवसा फोल आहे. विषाणू आतच असतो. वय झाले, एखादे ऑपरेशन झाले किंवा घरात नवे पिल्लू आणले, की वर्षानुवर्षे शांत असलेल्या मांजरातही तो उलटू शकतो.

लस काढण्याचे प्रयत्न झाले आणि तिथे शास्त्रज्ञ चक्रावले. ज्या मांजरांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे होती, ती प्रयोगात काही वेळा लवकर मेली. संरक्षण करणारी गोष्टच विषाणूला पेशीत शिरायला मदत करत होती. १९९१मध्ये अमेरिकेत नाकात टाकायची लस आली, पण ती सोळा आठवड्यांच्या वयानंतर द्यायची, आणि गर्दीच्या घरातल्या बऱ्याच पिल्लांना त्याआधीच लागण झालेली असते. तिच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. निदान म्हणजे मृत्यू, हे समीकरण जवळपास पन्नास वर्षे टिकले.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे डॉ. नील्स पेडरसन विद्यार्थी असल्यापासून या आजाराच्या मागे होते. गिलियड या औषध कंपनीकडून त्यांना जीएस-४४१५२४ नावाचे एक रसायन मिळाले. त्यांनी ते घरोघरची ३१ आजारी मांजरे घेऊन वापरले, किमान १२ आठवडे, रोज एक इंजेक्शन. पाच मांजरे सुरुवातीलाच गेली. उरलेल्या २६ पैकी काहींचा आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध दिले, आणि शेवटी २५ जगली. हा अहवाल २०१९मध्ये छापून आला. ज्या आजारात जवळजवळ कोणीच वाचत नव्हते, त्यात हा आकडा!

पण कंपनीने हे औषध जनावरांसाठी विकायला परवानगी दिली नाही. तिच्याकडे त्याचेच भावंड होते, रेमडेसिविर, आणि त्याला माणसांसाठी मंजुरी मिळवायची होती. मांजरांत काही वावगे दिसले तर ती मंजुरी अडेल, ही भीती त्यामागे असल्याचे तेव्हा छापून आले होते. कंपनीची बाजू समजून घेता येते, मान्य करणे मला जमत नाही. शोधनिबंधात रेणूची रचना सर्वांसमोर होती. चीनमधल्या कारखान्यांनी ते बनवले, आणि फेसबुकवरच्या गटांतून मांजरवाले एकमेकांना कुप्या, मात्रा, इंजेक्शन कसे टोचायचे हे सांगू लागले. एका मांजरावर हजारो डॉलर खर्च झाले. कुपीत नेमके काय आणि किती आहे, याची हमी कोणी देत नव्हते. तरीही हजारो मांजरे अशीच वाचली.

रेमडेसिविरची ओळख आपल्याला करून द्यायला नको. एप्रिल २०२१मध्ये पुणे, मुंबई, नागपुरात चिठ्ठी हातात घेऊन नातेवाईक त्यासाठी रांगा लावत होते, आणि काळ्या बाजारात त्याची किंमत कुठल्या कुठे गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीने ऑक्टोबर २०२०मध्येच सांगितले होते की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांचे मृत्यू त्याने फारसे टळत नाहीत. हे औषध शरीरात गेले की रक्तात मुख्यतः ज्या रूपात सापडते, ते जीएस-४४१५२४. आपण ज्यासाठी दागिने मोडले, त्याचा लखलखीत गुण दिसला तो मांजरांत.

सायप्रस बेटावर २०२३मध्ये गोष्ट उलट फिरली. तिथे मांजराच्या विषाणूत कुत्र्याच्या कोरोना विषाणूचा तुकडा मिसळून नवा प्रकार तयार झाला, आणि तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे थेट पसरू लागला. तीन लाख मांजरे मेल्याच्या बातम्या जगभर फिरल्या. तो आकडा फुगवलेला होता, पण साथ खरी होती. माणसांच्या कोविडसाठी घेतलेल्या मोलनुपिरावीरच्या गोळ्या सरकारी साठ्यात पडून होत्या. ऑगस्टमध्ये त्या मांजरांसाठी खुल्या झाल्या, एका गोळीला अडीच युरो. ब्रिटनमध्ये २०२१पासून जीएस-४४१५२४ कायदेशीर मिळू लागले होते, अमेरिकेत त्याला जून २०२४ उजाडावा लागला.

म्हाताऱ्या मांजरांसाठी एक अडचण उरते. पेडरसन यांच्या ३१ मांजरांत सर्वांत मोठे होते सुमारे सहा वर्षांचे. दहा-बारा वर्षांच्या मांजराला आधीच मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो, त्यात हे औषध किती द्यायचे, हे डॉक्टरला रक्त तपासत तपासतच ठरवावे लागते. आणि त्याआधी शंका यावी लागते. पोटातले पाणी काढले असेल, तर एक जुनी, स्वस्त तपासणी आहे. इटलीच्या रिवाल्टा यांनी ती माणसांसाठी शोधली होती. नळीत डिस्टिल्ड वॉटर घ्यायचे, त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळायचा, आणि वर पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो विरघळून गेला तर एफआयपी नसण्याची शक्यता जास्त. आकार धरून तरंगत राहिला किंवा हळूहळू तळाशी गेला, तर पुढच्या तपासण्या लगेच करायच्या, कारण कॅन्सर किंवा जंतूंमुळे साचलेल्या पाण्याचा थेंबही कधी कधी तसाच वागतो. म्युनिकच्या डॉक्टरांनी २०२४मध्ये पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरांवर तोंडावाटे औषध देऊन पाहिले. निम्म्यांना ८४ दिवस, निम्म्यांना फक्त ४२. गुण सारखाच आला आणि ३८ मांजरे बरी झाली.