भिंतीवरील लेप आणि त्यांची परिभाषा

जुने घर विकत घेण्याच्या हेतूने पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम भिंतींकडे पाहतो. फिकट हिरवा तैलरंग, कमरेपर्यंत ओढलेला गेरूचा पट्टा, कोपऱ्यात सुटलेले पोपडे हे पाहून 'हे सारे खरवडून नवे प्लास्टर करून घेऊ' असे तो तत्काळ ठरवितो. या निर्णयामागे शब्दार्थाचा एक घोटाळा आहे, व त्याचा उलगडा भिंतीवरील लेपांच्या इतिहासावाचून होत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुण्याकडील जुन्या वाड्यांत जोते व खालचा भाग दगडी, वर लाकडी चौकटीत विटांचे किंवा पांढऱ्या मातीचे काम, अशी रचना सामान्यतः आढळते. त्या भिंतीवर जे थर चढत गेले त्यांची नावे पाहिली असता भाषेचेही थर दिसू लागतात. 'भिंत' हा शब्द संस्कृत 'भित्ति' पासून, 'लिंपणे' हे क्रियापद 'लिम्प्' पासून आणि 'चुना' हा शब्द 'चूर्ण' पासून प्राकृतद्वारा आला. 'गिलावा' मात्र फारसी होय. त्यात 'गिल' म्हणजे चिखल व 'आब' म्हणजे पाणी हे दोन शब्द आहेत. 'सफेती' ही त्याच घराण्यातील. 'प्लास्टर', 'डिस्टेंपर' व 'ऑइलपेंट' हे इंग्रजी अमदानीबरोबर आलेले शब्द सर्वांत वरच्या थरातले. यांपैकी 'प्लास्टर' हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा आरंभीचा अर्थ अंगास लावावयाचा औषधी लेप असा होता. आपला 'लेप' हा शब्दही देह व भिंत या दोहोंस चालतो, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

जुन्या परिभाषेत प्रत्येक शब्द विशिष्ट द्रव्याशी व कृतीशी बांधलेला होता. घाणीत मळलेला चुना निराळा आणि भिंतीस फासावयाची निवळी निराळी. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा व ताग मिसळण्याची रीत होती, आणि सफेतीत थोडी नीळ घालीत. गोव्यात व दक्षिण कोकणात चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, थर देऊन तो कोरीत व आतील पांढऱ्यातून नक्षी उमटवीत. त्या कलेस आजही 'कावी' असेच नाव आहे. द्रव्याचे नाव हेच कलेचे नाव झाले.

पुढे हा नेमकेपणा ढळला. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडात घेतले. त्या द्रव्याचा आपल्याकडे प्रसार झाल्यावर चुन्याचा, मातीचा व सिमेंटचा असे तिन्ही गिलावे 'प्लास्टर' या एकाच नावाखाली आले, आणि वरील प्रत्येक लेप 'रंग' झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींची पुष्कळ घरे कोसळली. त्यानंतर 'मातीचे' म्हणजे 'कच्चे' हे समीकरण लोकांच्या मनात दृढ झाले असल्यास नवल नाही.

भाषाशास्त्रज्ञ यास अर्थविस्तार म्हणेल. घरमालकास मात्र त्याची किंमत मोजावी लागते. चुन्याची भिंत जोत्यातून चढणारी ओल बाहेर टाकीत असते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर किंवा तैलरंग चढविला की ती वाट बंद होते. ओलीबरोबर आलेले क्षार लेपामागे साचतात, लोणा धरतो व दोनचार पावसाळ्यांत नवे प्लास्टर फुगून सुटते. 'लोणा' हा शब्द 'लवण' पासूनच आला. आपल्या पूर्वजांनी या व्याधीचे निदान तिच्या नावातच करून ठेवले होते.

म्हणून घर पाहताना रंग आवडतो की नाही, याआधी तो कशाचा आहे हे पाहावे. तळहात घासला असता पांढरी भुकटी लागली, पाण्याचा थेंब भिंतीने लगेच शोषला, तर ती चुन्याची सफेती समजावी. थेंब तसाच ओघळला तर तैलरंग असण्याचा संभव अधिक. जुना तैलरंग कोरडा घासून काढू नये, कारण त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा भारतातील नियम २०१६ चा असून तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या लेपांविषयी तशी हमी नाही.

मेणवलीच्या वाड्यातील नाना फडणवीसांचे दप्तर इतिहाससंशोधकांनी जपले, ते योग्यच झाले. त्याच वाड्याच्या भिंतींवर चित्रेही आहेत. सामान्य घराच्या भिंतीवर चित्र नसते, परंतु तेथे राहून गेलेल्या पिढ्यांच्या हातचे थर असतात, आणि कागदाची नक्कल करता येते तशी खरवडलेल्या थराची करता येत नाही. नवा मालक भिंत पूर्ण खरवडण्यापूर्वी एका कोपऱ्यात हातभर जागा थराथराने उघडून पाहील व त्या थरांना त्यांच्या खऱ्या नावांनी ओळखील, तर त्याचे घरही टिकेल आणि आपले शब्दही.