त्रैराशिकाची रास

मळणी होते, उफणणी होते आणि खळ्यावर धान्याची रास लागते. ही रास म्हणजे संस्कृतातली ‘राशि’, ढीग. तोच शब्द गणितात गेला आणि मोजलेल्या परिमाणाचे नाव झाला. अशा तीन राशी ठाऊक असताना चौथी काढायची रीत म्हणजे त्रैराशिक.

आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त ही रीत सापडते, तीही नावानिशी. तीन राशींची नावे प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणायचे, प्रमाणाने भागायचे. येते ते इच्छाफल. हिशेबातल्या संख्येला ‘इच्छा’ म्हणणारी ही परिभाषा मला फार गोड वाटते. गिऱ्हाईक दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन ‘मला इतके हवे’ म्हणते, ते या शब्दात ऐकू येते. पुढे इ.स. ६२८मध्ये ब्रह्मगुप्ताने मांडणीची अट स्पष्ट केली: पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी. रुपयांशी रुपये, वजनाशी वजन.

पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली जमिनीत भूर्जपत्रांवरचे एक जुने हस्तलिखित सापडले. त्यात त्रैराशिकाचे आकडे आखलेल्या घरांत मांडलेले आहेत. एका ओळीत शेजारी शेजारी घरे आणि घराघरात एकेक राशी. आपण ज्याला कोष्टक म्हणतो, त्याचेच हे जुने रूप.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ही रीत बाजारात हिंडते. तीन सप्तमांश निष्काला (निष्क हे जुने नाणे, पळ हे वजन) अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? अडीचला नवाने गुणले की साडेबावीस, त्यांना तीन सप्तमांशाने भागले की साडेबावन्न पळे. पण मला त्याहून जवळचे वाटते ते धान्याच्या राशीचे गणित. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर शंभर मापे भरली. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? माप लहान झाले, तर मापे वाढणार. उत्तर १४०. हे व्यस्त त्रैराशिक. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की गणिताशी फारकत घेतलेला माणूसही ‘उत्पन्न आणि खर्चाचे व्यस्त त्रैराशिक’ असे सहज बोलून जातो. पंचराशिक, सप्तराशिक, नवराशिक या भावंडांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

अकराव्या शतकात अल्‌-बिरूनीने हिंदूंच्या या ‘राशिकां’वर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. युरोपातल्या व्यापाऱ्यांमध्ये तीन संख्यांचा हा नियम पुढे इतका रुळला की त्याला ‘सोन्याचा नियम’ म्हणू लागले.

मात्र या नियमात एक जागा गणित सोडवणाऱ्याच्या समजुतीवर सोपवलेली होती. दिलेल्या राशी मुळात समप्रमाणात आहेत का, हे नियम विचारत नाही. तीन आकडे दिले की चौथा काढून देतो. विजेचे बिल घ्या. समजा स्थिर आकार १०० रुपये आणि युनिटला ५ रुपये. २० युनिटांचे बिल २०० रुपये. मग ६० युनिटांचे? त्रैराशिक सांगते ६००. बिल येते ४००.

ही चूक पकडायची तर दोन राशींच्या एकाच जोडीवर विसंबून चालत नाही, कोष्टक लांबवावे लागते. युनिटे २०, ४०, ६०. बिल २००, ३००, ४००. प्रत्येक बिलाला त्याच्या युनिटांनी भागा: १०, साडेसात, पावणेसातच्या आत. भागाकार बदलला, म्हणजे समप्रमाण नाही. तेच केशराच्या भावाला कितीही ओळींचे कोष्टक करा, भागाकार हलणार नाही.

दुसरी कसोटी डोळ्यांची, आणि ती पुष्कळ उशिरा आली. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली. त्यातून वाढलेल्या आलेखाच्या कागदावर बिलाचे तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि इथेच मुले फसतात. रेषा सरळ आहे ना, मग समप्रमाण! पण पट्टी मागे सरकवत न्या. ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही, उभ्या अक्षाला १००वर भेटते. एकही दिवा न लावता भरायचे ते शंभर. केशराची रेषा मात्र थेट आरंभबिंदूतून निघते, कारण काही घेतले नाही तर काही द्यायचेही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की शाळेत आधी ही पट्टी मागे सरकवायला शिकवावे, रीत नंतर.

आरंभबिंदूतून निघणाऱ्या रेषेचा एक जुना दाखला शिलालेखातही आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा तिथला शिलालेख शके ११२८चा असून तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचे हा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यातले एक कलम तेलाचे: जितके घाणे चालतील, तितक्यांमागे प्रत्येकी एकेक पळी तेल. घाणा बंद, तर तेलही नाही.